टॉवेलवाल्यांनी पाहिलेले ताज

मुंबईचे ताज महाल हॉटेल सोलापूरच्या माणसाने पाहिलेले असते ते बाहेरून. शाळेची सहल असो, लग्नानंतरची पहिली मुंबई असो किंवा घारापुरीच्या लाँचची घाई असो, मागे ताज येईल अशा बेताने काढलेला एक फोटो आमच्याकडच्या बहुतेक घरांतल्या अल्बममध्ये सापडतो. त्या फोटोतले ताज म्हणजे स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासारखे असते. त्या खिडक्यांच्या आत माणसे झोपतात, उठतात, दात घासतात, चादर नीट खोचलेली नाही म्हणून कुरकुरतात, असा विचार आपल्या मनाला शिवत नाही. आणि शिवलाच तरी ती माणसे आपल्यापैकी नसतात.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. यजमानांची साठी जवळ आली तेव्हा साठीशांत, होम, पंगत यांपैकी काहीही नको, असे त्यांनी आधीच जाहीर करून टाकले होते. ‘मग बाबा, तुम्हाला हवे तरी काय?’ असे मुलीने विचारल्यावर ते म्हणाले, ‘ताजच्या जुन्या इमारतीत एकदा राहायचे आणि तिथला टॉवेल हातात घेऊन बघायचा.’ मुलगी हसली; मी हसले नाही, कारण हा माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा हात पुसायला दिलेल्या नॅपकिनची किनार उलटी करून बघतो, हे मी इतकी वर्षे पाहत आले आहे. शेजारच्या नव्या टॉवरमधली खोली स्वस्त पडत होती, पण त्यांचा हट्ट जुन्या इमारतीचा होता आणि पुढे जे पाहिले त्यावरून तो योग्यच होता असे मला वाटते.

सोलापुरात रेल्वे १८६० मध्ये आली आणि तेव्हापासून आमची मुंबई बोरीबंदरालाच, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाच, सुरू होते. रात्रीच्या गाडीने उतरलेला माणूस टॅक्सीच्या रांगेकडे धावतो. मान वर करून घुमटाकडे पाहणारे थोडे. जायच्या आधी वाचत असताना एक नाव मला दोन्हीकडे भेटले आणि मी थबकले. हे स्थानक वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या नावावर आहे, ते बरोबरच आहे; पण बांधकामाच्या वेळी त्यांच्या हाताखाली जे अभियंते होते त्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते, आणि पुढे ताजचा आराखडा ज्यांनी केला ते हेच वैद्य. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा होते. वैद्य यांच्या निधनानंतर उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरे केले आणि मधला तो प्रसिद्ध जिना, जो कशावर तोललेला आहे हे पाहणाऱ्याला चटकन कळत नाही, तो कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांचा मानला जातो. ज्याला आपण सरसकट ‘ब्रिटिशकालीन वास्तू’ म्हणून मोकळे होतो तिचे मालक, मुख्य वास्तुकार आणि कंत्राटदार हे सारे इथलेच होते. सोलापूरकर बोरीबंदराला उतरून ताजसमोर फोटो काढतो तेव्हा तो एका वैद्यांच्या कामाकडून त्याच वैद्यांच्या कामाकडे जात असतो, आणि ही गोष्ट आमच्या शाळांतून कधी कुणी सांगितली नाही.

वाटेत काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची इमारत लागते. इंग्लंडात ओतलेला लोखंडी सांगाडा जहाजाने आणून १८६०च्या दशकात ती इथे उभी केली. लुमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात, ७ जुलै १८९६ रोजी. या वॉटसनमध्ये जमशेटजी टाटांना भारतीय म्हणून प्रवेश नाकारला गेला आणि त्या रागातून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. तिला भक्कम पुरावा नाही आणि मला ती फारशी पटतही नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला होता, शहराची अब्रू आणि व्यापार दोन्ही खचले होते, परदेशी माणूस उतरेल अशी धड जागा नव्हती. अशा वेळी १८९८ मध्ये पालवा बंदरावर, म्हणजे आजच्या गेटवेजवळ, जागा घेऊन, मुख्यतः स्वतःच्या पैशाने, एवढी मोठी इमारत उभारायला घेणे हे अपमानाच्या रागापेक्षा कितीतरी मोठ्या हिशेबाचे काम आहे. त्यांच्या बहिणीने म्हणे विचारले होते की इतके सगळे उद्योग करून आता तू भटारखाना काढणार का! ही गोष्ट खरी असावी असे मात्र मला वाटते, कारण घरोघरच्या बहिणी असेच बोलतात.

वॉटसनची इमारत पुढे भाडेकरूंत आणि कचेऱ्यांत वाटली गेली आणि मोडकळीला आली. ताजपेक्षा ती वयाने फार तर तीन-चार दशकांनी थोरली, आणि लोखंडाचीच म्हणजे मुळात कणखर. टॅक्सीच्या काचेतून ती पाहताना यजमान म्हणाले, ‘धनी सुटला की लोखंडसुद्धा कुजते.’ त्यांच्या डोक्यात त्या वेळी वॉटसन नव्हते हे मला कळले. ते जिथे वाढले त्या सोलापूरच्या बंद पडलेल्या लक्ष्मी-विष्णू मिलच्या परिसराविषयी ते बोलत होते.

ताजचे तोंड चुकून मागे झाले, ते पाहून वास्तुकाराने जीव दिला, ही दुसरी लोकप्रिय दंतकथा. आमच्या टॅक्सीवाल्यानेही ती न चुकता ऐकवली. खरी गोष्ट या दंतकथेहून साधी आणि मला विचाराल तर जास्त शहाणपणाची आहे. जुनी इमारत इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची असून तिचे दोन हात शहराकडे, म्हणजे पश्चिमेकडे उघडतात. घोडागाड्या त्या बाजूने आत येत. आज पोहण्याचा तलाव आहे तिथे तेव्हा प्रवेश होता. दुपारचा वारा मुंबईत पश्चिमेकडून येतो, तो या दोन हातांत धरला जाई, आणि बंदराचे दृश्य मात्र गाड्यांची ये-जा न होता खोल्यांना मिळे. पुढे दार समुद्राच्या बाजूला आले आणि जुनी पुढची बाजू मागची झाली. समोरचे गेटवे ऑफ इंडियाही हॉटेलनंतरचे आहे. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. गेटवेची पायाभरणी १९१३ मध्ये झाली आणि ते खुले झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे गेटवेसमोर ताज बांधलेले नाही, ताजसमोर गेटवे बांधलेले आहे, आणि सुमारे वीस वर्षे या खिडक्यांतून पाहणाऱ्यांना मध्ये कसलीही कमान नसलेले उघडे बंदर दिसत असे.

दारावरची तपासणी आता विमानतळासारखी आहे. तिचे कारण सर्वांना ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री आणि नंतरचे दिवस आम्ही घरात दूरदर्शन संचासमोरून उठलो नव्हतो. घुमटाजवळून निघणारा धूर पाहताना शेजारच्या आजी, ज्या मुंबईला आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या, त्या पदर तोंडाला लावून रडत होत्या. हॉटेलमध्ये मृत्युमुखी पडलेल्या ३१ जणांची नावे आत एका ठिकाणी कोरलेली आहेत आणि त्यांत पाहुण्यांबरोबर त्यांना वाचवायला थांबलेले नोकरही आहेत. त्या नावांसमोर आम्ही उभे राहिलो. त्याविषयी अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही. एवढेच नोंदवते की टॉवरचा भाग त्याच वर्षी २१ डिसेंबरला उघडला आणि जळालेली जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा सुरू झाली. जळालेली वास्तू तशीच ठेवून तिचे स्मारक करता आले असते, पण तिथे पुन्हा माणसे झोपू लागली, आणि मला तेच अधिक योग्य वाटते.

खोली अपेक्षेपेक्षा लहान नव्हती आणि अपेक्षेइतकी भपकेबाजही नव्हती. उंच छत, जाड भिंती, खिडकीशी बसायची जागा. खोलीचे वर्णन एवढे पुरे, कारण आत शिरल्यावर यजमान थेट न्हाणीघरात गेले आणि मलाही तिकडेच जावे लागले.

टेरी टॉवेल कसा विणतात हे बाहेरच्या वाचकाला सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. साध्या कापडाला ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, एक बीम (सूत गुंडाळलेला रूळ) लागते, टॉवेलला दोन. एका बीमवरचा ताणा ताठ असतो, तो जमिनीचा, म्हणजे मूळ कापडाचा. दुसऱ्यावरचा सैल सोडलेला असतो, तो फाशांचा. बाणा, म्हणजे आडवे सूत, टाकताना ते ठोकणारी फणी आधी थोडी मागेच थांबते आणि साधारणपणे तीन बाणे झाले की ती एकदम पुढे सरकून तिन्ही एकत्र ठोकते. ताठ ताणा जागेवर राहतो, सैल ताणा वर उचलला जातो, आणि त्याचे जे बारीक फासे दोन्ही अंगांना उभे राहतात त्यांना आम्ही पाईल म्हणतो. पाणी शोषतात ते हे फासे. फासा उंच ठेवला तर टॉवेल मऊ लागतो पण चटकन ओढला जातो, आखूड ठेवला तर टिकतो पण अंगाला रखरखीत लागतो. वजन चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये मोजतात. चांगल्या हॉटेलांना पाचशे-सहाशेच्या घरातला माल लागतो. तो पांढराच असतो, कारण रोज कडक धुलाई आणि ब्लीच सोसेल असा दुसरा रंग नाही. घरातला टॉवेल वर्षानुवर्षे चालतो. हॉटेलातला टॉवेल रोज धुतला, वाळवला, घडी केला जातो आणि मधला भाग शाबूत असतानाच किनारीने उसवतो.

म्हणून यजमानांनी आधी किनार पाहिली. मग दोन बोटांत कोपरा धरून चोळला, एक फासा नखाने ओढून सुटतो का ते पाहिले, टॉवेल हातावर तोलला, उजेडासमोर धरला. माल कुठला असेल असे मी विचारले. ते म्हणाले, ‘सांगता येत नाही. आपल्याकडचा नसावा. पण विणणाऱ्याने मन लावून विणलाय.’ त्यांच्या तोंडून एवढे कौतुक मी आमच्या स्वतःच्या मालाचेही ऐकलेले नाही.

संध्याकाळी खोली आवरायला एक तरुण मुलगा आला. आमचे मराठी ऐकून ‘सर, मॅडम’ हळूहळू ‘काका, काकू’वर आले, तो साताऱ्याकडचा होता. यजमानांनी त्याला तपासणी अधिकाऱ्यासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली. टॉवेल बाद कधी करता? ‘ते आमचे साहेब ठरवतात, काका. डाग निघाला नाही किंवा कड उसवली की आम्ही बाजूला काढतो.’ मग त्याचे काय करता? ‘पुसायला वापरतो ना. वाया नाही घालवत.’ चादरीचा कोपरा मोडताना त्याचा हात ज्या सवयीने फिरत होता त्याकडे यजमान टक लावून पाहत होते. सुताच्या कांड्या भरणारा चांगला कांडीवाला किंवा मागांची देखभाल करणारा जॉबर काम करत असला की ते असेच पाहतात. बाहेरून पाहणाऱ्याला ताज म्हणजे घुमट आणि कमानी. आतल्या मुक्कामात कळते की ही इमारत उभी आहे ती या हातांमुळे. शंभराहून अधिक वर्षे तिथे रोज कुणीतरी चादर बदलली आहे, पितळ घासले आहे, खाऱ्या हवेने उडालेला रंग पुन्हा लावला आहे. वारसा वगैरे शब्द त्या वास्तूला नंतर चिकटले. ती टिकली ती तिथले काम कधी फार काळ थांबले नाही म्हणून. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर तिचे सहाशे खाटांचे रुग्णालय झाले होते, तरी चादरी बदलल्याच जात होत्या.

आणि ज्या पैशाने ती उभी राहिली तो आमच्याच धंद्यातला होता. जमशेटजींची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. सोलापुरात मोरारजी गोकुळदासांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग काढली तीही १८७७ सालीच. आम्ही तिला जुनी मिल म्हणतो. एकाच साली सुरू झालेल्या या दोन्ही कापड गिरण्या आज नाहीत. एम्प्रेसच्या जागेवर मॉल आहे. जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. माझे सासरे लक्ष्मी-विष्णूमध्ये विणाई खात्यात होते. भोंगा बंद झाल्यावरही कितीतरी दिवस ते त्याच वेळेला उठून, आंघोळ करून, डबा नसताना ओट्यावर बसत. कापसाच्या पैशातून उभे राहिलेले हॉटेल दिमाखात चालू आहे आणि तो पैसा ज्या कामातून आला ते काम करणाऱ्या गिरण्यांच्या भिंती शोधाव्या लागतात, हे मला त्या मऊ गादीवर पडल्यावर बोचत राहिले. यजमानांना बोचले नाही. ते म्हणाले, ‘मिल ही मिल असते. माल विकला तर चालते. जमशेटजींनाही ते ठाऊक होते.’

जुन्या हॉटेलांत राहणाऱ्यांना एक विशिष्ट हुरहूर लागते. ते साहेबी दिवस, ते नाचघर, तो बँड, किती छान असेल ना, अशी. सोलापूरच्या माणसाला ती हुरहूर लागू नये असे मला वाटते. १९३०च्या मे महिन्यात आमच्या गावात मार्शल लॉ होता, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. त्या हिवाळ्यातही बोटीने येणारे-जाणारे साहेब याच बंदरावर चढत-उतरत असणार. तरीही ही वास्तू परक्याची वाटत नाही, कारण तिच्या विटा-दगडांत वैद्य आणि सोराबजी आहेत, आणि समोरच्या कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, बाहेर पडली ती याच खिडक्यांच्या देखत. आमच्या गावातही इंद्रभुवन आहेच. अप्पासाहेब वारदांनी हौसेने बांधलेला तो वाडा महापालिकेच्या कारभाराला मिळाला, तिथे कारकून बसले, फायली साठल्या, करदात्यांनी रांगा लावल्या, आणि तो जगला. रिकामा राहिला असता तर त्याचीही जुनी मिल झाली असती.

पहाटे आम्ही खिडकीशी बसलो. मुंबईचा समुद्र म्हटला की चौपाटीवरचा मावळता सूर्य डोळ्यांपुढे येतो. इथे मात्र इमारतीचे तोंड पूर्वेला आहे आणि समोर मोकळा समुद्र नसून बंदराची खाडी आहे, त्यामुळे सूर्य पाण्यावरून वर येतो. लाटा जवळजवळ नाहीत. नांगरलेल्या होड्या, मांडव्याला आणि घारापुरीला जाणाऱ्या लाँच, गेटवेच्या फरशीवर कबुतरे आणि त्यांच्याइतक्याच लवकर आलेले फोटोवाले. घारापुरीच्या बेटापलीकडे न्हावा-शेवा बंदर आहे. आमचा माल निर्यातदाराकडून जातो आणि तिथल्या कंटेनरमध्ये चढून देशाबाहेर पडतो. इतक्या वर्षांत आम्ही ते बंदर पाहिलेले नाही. यजमान त्या दिशेला बघत बराच वेळ चहा पीत होते. मग त्यांनी खिशातून कागद काढून किनारीच्या शिलाईचे चित्र काढले.

सोलापूरला परतल्यावर त्या चित्रावरून नमुना काढला. दुहेरी मुडपलेली कड, दाट टाका. खर्च वाढतो, पण दोन हॉटेलवाल्यांनी तो मागून घेतला आहे. मोठा प्रश्न वेगळाच आहे. मुलगी पुण्यात आयटीत आहे, ती कारखाना चालवायला येणार नाही हे तिने प्रेमाने आणि स्पष्टपणे सांगितलेले आहे. शेडच्या जागेला मंगल कार्यालयासाठी चांगले गिऱ्हाईक आले आहे. ताजला जाण्यापूर्वी हे जवळजवळ ठरलेच होते. आता यजमान जुने माग काढून दोन रॅपियर, म्हणजे नव्या पद्धतीचे बिनधोट्याचे माग, बसवण्याचा हिशेब करत बसतात, आणि आमच्याकडे बावीस वर्षे असलेल्या जॉबरच्या मुलाला भागीदार करून घेता येईल का, असे वकिलांना विचारून आले आहेत. मला यातला धोका दिसतो; साठीनंतर कर्ज काढू नये असे माझे मत मी त्यांना ऐकवले आहे, आणि तरी गिऱ्हाइकाला ‘थोडे थांबा’ असा निरोप मीच फोनवरून दिला. बँकेची फाइल टेबलावर आहे. मुलगी दिवाळीला येईल तेव्हा बोलू.